ब्रेकमधली हवा

भीमराजला लकवा मारला तेव्हा तो लाल गाडीखाली होता.

गोरेगावात ती गाडी सगळ्यांना ठाऊक होती. दोनच दारं, दोनच सीट, वर कापडी छप्पर, आणि इतकी बुटकी की शेजारून बैलगाडी गेली तर गाडीवानाला वरून तिच्या आतलं सगळं दिसायचं. बॉडी पत्र्याची नाही, फायबरची. पंचवीसेक वर्षांपूर्वी कुठल्याशा लहान कंपनीनं अशा थोड्याच गाड्या काढल्या आणि मग ती कंपनीच बंद पडली. भीमराजचं बाजारात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी त्याच्याकडे यायच्या. नांदेडला एका बंगल्यावर पंपाच्या कामाला गेला असताना त्याला ही गाडी ताडपत्रीखाली दिसली. चार महिन्यांनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गावात आली. मागं पन्नासभर माणसं चालत होती.

त्याची बायको प्रियदर्शनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. ती दारात उभी राहून म्हणाली, "अहो, ह्याच्यात आत्याला कुठं बसवायचं?" आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, पद्माबाई.

"आईला सेनगावची जीप हाय ना," भीमराज म्हणाला. "ही तुमच्यासाठी, मॅडम."

घरात तो तिला मॅडमच म्हणायचा.

पुढची सात वर्षं प्रत्येक रविवारी तो घरामागच्या शेडात त्या गाडीखाली असायचा. कधी इंजिन चालू व्हायचं, कधी गिअर पडायचे, कधी दिवे लागायचे, पण तिन्ही गोष्टी एका दिवशी क्वचितच व्हायच्या. दोनदा त्यानं प्रियदर्शनीला कयाधू नदीच्या पुलापर्यंत फिरवून आणलं आणि दोन्ही वेळा परत येताना ढकलावं लागलं. तिला त्याचा राग यायचा नाही. रविवारी नवरा कुठं आहे हे तिला माहीत असायचं, आणि शेडाबाहेर त्याचे दोन पाय दिसायचे.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारीही ते दिसत होते. गाडी मागून लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, डावं चाक काढलेलं, आणि खालून भीमराजचे पाय बाहेर. साडेनऊला ती धुणं वाळत घालायला तिथून गेली. दहाला चहा ठेवल्याचं सांगायला गेली. त्यानं उत्तर दिलं नाही. कामात असला की तो देत नसे. पावणेअकराला कप तसाच बघून ती तिसऱ्यांदा गेली आणि पायांकडे बघत म्हणाली, "राहू द्या मग. त्या गाडीलाच पाजा चहा." आणि कप उचलून आत आली.

बारा वाजता पद्माबाई जेवायला हाक मारायला गेल्या. त्या वाकल्या, आणि त्यांना त्याचं तोंड दिसलं.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता झालं?"

"माहीत नाही," प्रियदर्शनी म्हणाली.

"शेवटचं नीट बोलताना कधी पाहिलं?"

"नऊला. नाश्ता करताना."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि बरोबरच्या नर्सकडे पाहिलं. नंतर ते म्हणाले की लवकर आणलं असतं तर एक इंजेक्शन देता आलं असतं. ते सहज बोलले. पद्माबाईंना ऐकू कमी येतं, त्यांना ते कळलं नाही. ऐश्वर्या, भीमराज-प्रियदर्शनीची मुलगी, पुण्याहून अजून पोचायची होती. म्हणजे ते वाक्य प्रियदर्शनीनं एकटीनंच ऐकलं, आणि ती तीनदा शेडावरून गेली होती हेही तिलाच एकटीला ठाऊक होतं.

त्या दिवसापासून तिच्या आत काहीतरी थांबलं. रडू आलं नाही. लोक भेटायला येत, पद्माबाई गळा काढत, आणि ती कपबशा मोजून आणत असे. एकवीस दिवसांनी भीमराजला घरी आणलं तेव्हा त्याचं उजवं अंग गेलेलं होतं आणि तोंडात एकच शब्द उरला होता. बराबर.

पाणी पाहिजे का? बराबर. दुखतं का? बराबर. पंखा बंद करू? बराबर. चालू ठेवू? बराबर. तो शब्द तो कधी हळू म्हणायचा, कधी ओरडून, कधी डोळ्यांत पाणी आणून. डॉक्टरांनी सांगितलं होतं की समजतं त्यांना पुष्कळ, पण बोलायला गेले की हाच शब्द बाहेर येतो. पहिले काही दिवस प्रियदर्शनी त्याच्या तोंडाकडे बघून अर्थ लावायची. मग तिनं सोडून दिलं. सकाळी पाचला उठून त्याला पुसायचं, कपडे बदलायचे, भरवायचं, साडेदहाला शाळा, साडेपाचला परत. शाळेत ती भागाकार शिकवायची. तिच्या हातून एकही चूक होत नव्हती.

घराला तीन पायऱ्या होत्या आणि चाकाची खुर्ची त्यावरून जात नव्हती. शेड मात्र जमिनीबरोबर होतं. भीमराजचा पलंग शेडात टाकला तर त्याला बाहेर अंगणात आणता येईल, असं पद्माबाई म्हणू लागल्या. "ती गाडी काढ आधी," त्या म्हणायच्या. "तिनंच माझं पोरगं खाल्लं."

ऐश्वर्यानं पुण्यात बसून मोबाइलवर गाडीची जाहिरात टाकली. आठवड्यात एकाचा फोन आला. विश्वंभर नाव, नांदेडकडे मंगल कार्यालय चालवायचा. लग्नाआधीच्या फोटोंसाठी आणि नवरदेवाच्या एंट्रीसाठी त्याला अशीच गाडी हवी होती. त्याची एकच अट होती. "चालू पाहिजे, मॅडम. मी येऊन चालवत नेईन. बंद गाडी मी घेत नसतो."

सेनगावहून एक मिस्त्री आणला. त्यानं बॉनेट उघडलं, पाच मिनिटं आत बघितलं आणि बंद केलं. "हे आपल्या हातचं न्हाई, मॅडम. भीमराजभाऊनं सगळी वायरिंग सोताच्या डोक्यानं केलेली हाय. पंपाच्या मोटारीची वायर वापरलीय. कोणती कुठं जाते, त्यालाच ठाऊक."

"मग?"

"मग त्यालाच इचारा," मिस्त्री म्हणाला, आणि जीभ चावून निघून गेला.

ऑगस्टमधल्या पहिल्या रविवारी प्रियदर्शनी स्वतः शेडात गेली. तिनं जुना पंजाबी ड्रेस घातला होता आणि केस रुमालानं बांधले होते. तो मिस्त्री सोडला तर फेब्रुवारीपासून तिथं कोणी पाऊल टाकलं नव्हतं. चाक तसंच भिंतीला टेकलेलं होतं, पाने पोत्यावर ओळीनं मांडलेले, एकाची जागा रिकामी. तो पाना गाडीखाली पडलेला होता. तिनं तो उचलून जागेवर ठेवला. काही वाटतंय का याची तिनं क्षणभर वाट पाहिली. काही वाटलं नाही. तिनं मोबाइल डब्यावर उभा करून ठेवला आणि टाकीतलं पेट्रोल कसं काढतात याचा व्हिडिओ लावला.

असे तिचे रविवार सुरू झाले. सडलेलं पेट्रोल तिनं नळीनं कॅनमध्ये काढलं. उंदरांनी एअर फिल्टरमध्ये घर केलं होतं. ते चिंध्यांसकट उचलून टाकलं. कार्बोरेटर सोडवताना प्रत्येक स्क्रू कुठून निघाला ते तिनं वहीच्या कागदावर चित्र काढून, त्या-त्या जागी चिकटपट्टीनं चिकटवून ठेवलं. चौथीच्या वर्गात ती पानांचा संग्रह असाच करून घ्यायची. पेट्रोल जिथून फवारतं त्या पितळी जेटच्या भोकात मळ बसला होता. तो तिनं तांब्याच्या बारीक तारेनं काढला. घरात तांब्याच्या तारेला तोटा नव्हता.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा चालू झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही.

तिसऱ्या रविवारी तिनं भीमराजला शेडात आणायचं ठरवलं, कारण घरात त्याच्याकडे बघायला कोणी नव्हतं. पद्माबाई विहारात गेल्या होत्या. सेनगावची जीप चालवणारा हिरासिंग शेजारीच राहायचा. त्यानं भीमराजला काखेत धरून पायऱ्या उतरवल्या आणि शेडाच्या दारात खुर्चीवर बसवलं.

"जयभीम करून घ्या भाऊ तुमच्या लाल राणीला," हिरासिंग म्हणाला. "वैनी, खरं सांगू? एवढ्या जागेत मी सोळा माणसं बसवतो."

"बराबर," भीमराज म्हणाला.

हिरासिंग हसला, मग हसू आवरून निघून गेला.

प्रियदर्शनीनं दोन वायरी हातात धरल्या. एक हिरवी, एक पिवळी. "अहो, कॉइलला कोणती? ही?"

"बराबर."

"का ही?"

"बराबर."

तिनं दोन्ही खाली ठेवल्या. मग भीमराजनं डावा हात उचलला. पिवळ्या वायरीकडे बोट केलं, आणि ती जोडेपर्यंत बोट तसंच धरून ठेवलं. हिरासिंगला परत बोलावून त्याच्या जीपच्या बॅटरीवरून करंट घेतल्यावर चौथ्या किल्लीला इंजिन धडधडलं. काळा धूर सगळ्या शेडात भरला. धुरातून तिनं त्याच्याकडे पाहिलं तर त्याचा अर्धा चेहरा हसत होता. तिनं इंजिन बंद केलं, हात पुसले आणि स्वयंपाकाला गेली.

आता ब्रेक राहिले. त्या दिवशी भीमराज तेच करत होता.

डाव्या मागच्या चाकाच्या ब्रेकमधली रबरं गळकी झाली होती. तिनं ती काढली, डबा धुऊन त्यात ठेवली आणि हिंगोलीला स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. दुकानदारानं विचारलं, "कोणत्या गाडीची?"

तिनं नाव सांगितलं.

"हे काय असतं, मॅडम?"

तिनं डबा उघडून काउंटरवर ठेवला. दुकानदारानं रबर बोटांत धरून दाबलं, फुटपट्टीवर मापलं आणि आत जाऊन चार वेगवेगळ्या गाड्यांची रबरं घेऊन आला. चौथं बसलं. एक जुनी लहान गाडी, जी आता कोणी चालवत नाही, तिचं. "घरचं कोणी मिस्त्री हाय का?" त्यानं विचारलं.

"आहे," ती म्हणाली.

रबरं बसली, ड्रम बसला, चारी चाकांची तपासणी झाली, पण पेडल दाबलं की ते लोण्यात पाय गेल्यासारखं खाली जात होतं. नळ्यांत हवा शिरली होती. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकामागचा छोटा निपल पान्यानं पाव फेरा उघडायचा, हवेचे बुडबुडे ऑइलबरोबर बाहेर येऊ द्यायचे, निपल बंद करायचा, आणि मगच आतल्यानं पाय सोडायचा. आधी सोडला तर हवा परत आत.

हिरासिंगला रविवारी पाच फेऱ्या होत्या. पद्माबाईंनी शेडात पाय ठेवायला नकार दिला. प्रियदर्शनी खुर्चीवरच्या भीमराजकडे बघत उभी राहिली. त्याचा डावा पाय चांगला होता.

सकाळची जीप सुटायच्या आधी हिरासिंगनं आणि तिनं मिळून त्याला ड्रायव्हरच्या सीटवर उतरवलं. ते सोपं नव्हतं. गाडी इतकी खाली की माणसाला विहिरीत सोडल्यासारखं सोडावं लागलं. उजवा पाय तिनं दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला, डावा ब्रेकवर. पाठीमागं उशी दिली. आठ महिन्यांत तो पहिल्यांदाच त्या सीटवर बसला होता. त्यानं डावा हात स्टिअरिंगवर ठेवला.

"मी 'दाबा' म्हटलं की दाबायचं," ती म्हणाली. "'सोडा' म्हणेपर्यंत सोडायचं नाही. समजलं?"

"बराबर."

हे उत्तर नव्हतं हे तिला माहीत होतं. ती मागं गेली, डाव्या चाकापाशी पोतं टाकून आडवी झाली. दवाखान्यातून आणलेल्या सलाईनच्या नळीचा तुकडा तिनं निपलवर चढवला आणि दुसरं टोक ऑइलच्या बाटलीत सोडलं.

"दाबा."

नळीत हालचाल झाली. तिनं पाना फिरवला. ज्वारीएवढे बुडबुडे धावत बाटलीत गेले. तिनं निपल बंद केला. "सोडा." पेडल वर आल्याचा आवाज झाला.

"दाबा." उघडलं. बंद. "सोडा."

तो चुकत नव्हता. पहिल्यांदा तिला वाटलं, योगायोग असेल. सहा-सात वेळा झाल्यावर ती वाट बघेनाशी झाली. तिच्या शब्दावर त्याचा पाय जात होता, तिच्या शब्दावर वर येत होता. महिनोन्‌महिने दोघांमध्ये विचारलेलं आणि कळलेलं असं फारसं काही घडलं नव्हतं, ते आता घडत होतं. चाकाआडून तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. गाडीच्या खालून फक्त पलीकडचं अंगण दिसत होतं, आणि दोरीवरच्या साड्यांचे काठ. ती जिथं पडली होती, तिथूनच त्या दिवशी त्याला ओढून काढलं होतं. तिथून दोरी किती जवळ आहे हे तिला तेव्हा कळलं. दहा पावलं.

"दाबा," ती म्हणाली. नळीतून बारीक बुडबुडे गेले. तिनं निपल बंद केला, आणि 'सोडा' म्हणण्याऐवजी म्हणाली, "मी तीनदा इथून गेले होते."

"धुणं घालायला आले तेव्हा पहिल्यांदा. मग चहा झाला सांगायला. मला वाटलं, कामात आहात. तिसऱ्यांदा तर मी बोलले पण. गाडीलाच पाजा म्हणाले चहा. तुम्ही ऐकलं का ते मला माहीत नाही." तिचा आवाज तिलाच हजेरी घेतल्यासारखा सपाट वाटला. "डॉक्टरला मी हे सांगितलं नाही. आत्याला पण नाही. ऐश्वर्याला पण नाही. लवकर आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं, म्हणाले. तुमचा उजवा हात कदाचित राहिला असता. बोलणं राहिलं असतं. मी वाकून बघितलं नाही, एवढंच झालं. वाकायला काय लागतं."

ती किती वेळ तशी पडून राहिली हे तिला नंतर सांगता आलं नाही. एक मुंगळा बाटलीवर चढून पलीकडे उतरला. मग गाडी किंचित हलत असल्यासारखं तिला वाटलं, अगदी बारीक, इंजिन चालू असल्यासारखी. इंजिन तर बंद होतं. ती उठली आणि गाडीच्या दारापाशी आली.

भीमराजच्या कपाळावरून घाम गळत होता. बनियन ओलं झालं होतं. डावा पाय पेडलवर ताठ होता आणि मांडीपासून थरथरत होता. त्या थरथरीनंच गाडी हलत होती. दात आवळलेले, नजर समोर पत्र्यावर. तिनं 'सोडा' म्हटलंच नव्हतं.

"सोडा," ती म्हणाली. "सोडा, अहो."

त्यानं पाय सोडला. मान मागं उशीवर टाकली आणि डोळे मिटून म्हणाला, "बराबर."

तो शब्द कशाला होता ते तिला कळायचं काही साधन नव्हतं. ऑइलला असेल, तिच्या बोलण्याला असेल, नाहीतर कशालाच नसेल. तिनं ओढणीनं त्याचा घाम पुसला. आत कुठंतरी काहीतरी हलायला हवं होतं असं तिला वाटलं, आणि हललं नाही. ती उरलेल्या तीन चाकांकडे गेली. संध्याकाळी पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं.

पुढच्या रविवारी विश्वंभर आला. पांढरा शर्ट, गॉगल, बरोबर एक ड्रायव्हर. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, दार उघड-झाक केलं, फायबरवर टिचकी मारून बघितली. इंजिन चालू करून दाखवल्यावर त्यानं मोबाइलवर त्याचं शूटिंग घेतलं. "लई भारी," तो म्हणाला. "लाल रंग तेवढा नवा मारतो आन् फुलं लावतो. नवरदेव उभा राहील हिच्यात."

भीमराज शेडाच्या दारात खुर्चीवर बसला होता. त्याला कोणीच काही सांगितलेलं नव्हतं. प्रियदर्शनीनं सांगितलं नव्हतं, कारण सांगून काय उत्तर येणार हे तिला माहीत होतं. तो विश्वंभरकडे बघत होता, मग त्याच्या ड्रायव्हरच्या हातातल्या किल्लीकडे.

"साहेबांची काही हरकत नाही ना?" विश्वंभरनं नम्रपणे वाकून विचारलं. "गाडी आमी घेऊन चाललो, साहेब. नीट ठेवू."

"बराबर!" भीमराज ओरडला. "बराबर! बराबर!"

विश्वंभर खूश झाला. "बघा. मालकच म्हणून राहिले, बराबर. माणूस मोठ्या मनाचा हाय."

पद्माबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ड्रायव्हर आत बसला. प्रियदर्शनीची नजर भीमराजच्या पायाकडे गेली. खुर्चीच्या लोखंडी पट्टीवर त्यानं डावा पाय टेकवला होता आणि सगळ्या ताकदीनं दाबून धरला होता, इतका की पट्टी करकरत होती.

"थांबा," ती म्हणाली. "ते 'नाही' म्हणत आहेत."

विश्वंभरनं गॉगल काढला. "आत्ता तर बराबर म्हणाले, मॅडम. तीन वेळा."

"त्यांना तेवढाच शब्द येतो. पण ते 'नाही' म्हणतायत."

"तुमाला कसं कळलं?"

तिनं ड्रायव्हरसमोर हात पुढं केला. त्यानं विश्वंभरकडे पाहिलं आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

विश्वंभर चिडला. नांदेडहून आलो, डिझेल जाळलं, लग्नाच्या तारखा धरल्या, असं बरंच बोलला. तिनं माफी मागितली आणि चहा विचारला. तो चहा न घेता गेला. संध्याकाळी पद्माबाई एकदम बोलल्या. "काहून नको म्हणलीस? तुला काय त्या डबड्याचा पुळका आला?"

"मला नाही, आत्या. त्यांना."

ऐश्वर्या फोनवर रडली. आई, तू थकलीयस, तुला कळत नाहीये तू काय करतेयस, म्हणाली. प्रियदर्शनीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मुलीचं खरंही असेल. त्या क्षणी तिला ना नवऱ्याची कीव आली होती ना प्रेम. उत्तर दिसलं आणि तिनं ते वाचून दाखवलं, एवढंच.

मात्र एक गोष्ट तिनं त्याच आठवड्यात केली. जेवणं झाल्यावर पद्माबाईंच्या जवळ बसून, त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन, तिनं तीन वेळा शेडावरून गेल्याचं त्यांनाही सांगितलं. म्हातारीनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मी बी दोनदा गेले होते गं. शेण टाकायला." आणि उठून हात धुवायला गेली. त्यावर दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी भीमराजला पुसायला पद्माबाई आपणहून पाण्याचं पातेलं घेऊन आल्या.

दसऱ्याच्या सुट्टीत हिरासिंगनं तीन माणसं आणली. त्यांनी गाडी ढकलून शेडाच्या एका कडेला लावली, दुसऱ्या कडेला पलंग टाकला, वर पत्र्याखाली तुरीच्या वाळक्या तुराट्यांचा थर दिला म्हणजे ऊन लागणार नाही. मधून खुर्ची जाईल एवढी वाट उरली. भीमराज आता गाडीशेजारी झोपू लागला. सकाळी अंगणात बसू लागला. येणारा-जाणारा थांबून बोलू लागला आणि तो त्यांना एकाच शब्दात उत्तरं देऊ लागला. गावाला हळूहळू त्याची सवय झाली.

सुट्टीत प्रियदर्शनी हिरासिंगच्या जीपवर गाडी चालवायला शिकली होती. नोव्हेंबरात एका रविवारी तिनं भीमराजला गाडीत बसवलं, ह्या वेळी डाव्या सीटवर, आणि ती सेनगावच्या रस्त्याला लागली. कापडी छप्पर मागं दुमडलेलं. गिअर बदलताना दोनदा करकर झाली. फाट्यावर शेळ्या आडव्या आल्या तेव्हा तिनं ब्रेक दाबला आणि गाडी जिथं थांबायला हवी तिथं थांबली. धनगरानं काठीला रेलून दोघांकडे बघितलं आणि शेळ्यांना सावकाश जाऊ दिलं.

साखरा गावाच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ यायला लागली. तिनं गाडी बाभळीखाली घेतली. रेडिएटरच्या रबरी पाइपाला तडा गेला होता. तिनं बॉनेट उघडून ठेवलं आणि थंड व्हायची वाट बघत बांधावर बसली. दोन्ही बाजूंना तूर फुलावर आली होती. तुरीत काम करणारी एक बाई रस्त्यावर आली, गाडीत बसलेल्या माणसाकडे आणि हिच्या काळ्या हातांकडे बघून म्हणाली, "पाणी पायजे का, बाई?"

"गाडीला पाहिजे."

"तुला न्हाई?"

प्रियदर्शनीनं विचार केला. "मला पण पाहिजे," ती म्हणाली.

बाईनं कळशी आणून दिली. तिनं आधी भीमराजला पाजलं, मग स्वतः प्यायली. पाणी गार होतं. तिनं दुसऱ्यांदा ओंजळ पुढं केली, मग तिसऱ्यांदा. पाणी कोपरावरून ड्रेसवर ओघळलं. भीमराज सीटवरून तिला बघत होता. त्याच्या मांडीवर बाभळीची पिवळी फुलं पडली होती, त्यातलं एक तो डाव्या हातानं उचलायचा प्रयत्न करत होता.

अर्ध्या तासानं तिनं फडक्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं, उरलेलं पाणी आत ओतलं, पाइपावर चिकटपट्टीचे सहा वेढे घेतले आणि गाडी वळवली. घरी पोचेपर्यंत पट्टी टिकली. पाइपाचं माप तिनं दोऱ्यानं घेतलं आणि दोरा डब्यात ठेवला. शनिवारी अर्धा दिवस शाळा होती. तेव्हा हिंगोलीला जाऊन यायचं होतं.